पुढच्याला ठेच लागली हे मागच्याला कळू द्या: शस्त्र शिकवणाऱ्या उस्तादांना एका स्कायडायव्हरचं खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, म्हणजे शूटिंग रेंजवर शिकवणारे इन्स्ट्रक्टर, सैन्यात नव्या भरतीच्या पोरापोरींच्या हातात पहिल्यांदा रायफल देणारे उस्ताद, आणि त्यांच्या वर बसून ट्रेनिंगचे नियम ठरवणारे ऑफिसर. मी तुमच्यातली नाही. मी स्कायडायव्हिंग करते आणि शिकवते, सैन्यात कधी नव्हते, रेंजवर जाऊन गोळ्या मात्र झाडल्यात आणि मला ते आवडतं हे पण सरळच सांगते. आमच्या ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्या मारून उतरायच्या मैदानावर, फौजेतून आलेले लोक कायम असतात, कोणी रिटायर झालेलं, कोणी सुट्टीवर आलेलं, आणि ढग खाली आले किंवा वारा वाढला की विमान जमिनीवरच राहतं, मग काय, रिग, म्हणजे पाठीवर बांधायची पॅराशूटं, बाजूला ठेवायच्या आणि तासन्तास गप्पा मारत बसायचं, आणि त्या गप्पा फिरून फिरून बंदुकीवर आणि पलटणीवर येतातच. ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालंय, ते तुमच्यापर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं.

मत असं की ज्याच्या हातून चुकून गोळी सुटली पण कोणाला लागली नाही, त्याला झोडपायच्या आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या, लिहून घ्या, आणि त्याचं नाव काढून ते बाकी सगळ्यांना वाचायला द्या. आम्ही आकाशात हेच करतो आणि त्यामुळेच आमच्यातले बरेच जण आज जिवंत आहेत.

आधी एक गैरसमज बाजूला करते, कारण तो दोन्हीकडे आहे. लोकांना वाटतं विमानातून उडी मारणारा आणि बंदूक चालवणारा दोघंही धाडसी, बेधडक, जिवाची पर्वा नसलेले. पोरं व्हिडिओ बघून आमच्याकडे येतात, मला पॅराट्रूपर व्हायचंय म्हणून आधी स्कायडायव्हिंग शिकतो म्हणतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की बाबांनो सैन्यातली बहुतेक उडी ही आमच्यासारखी उडी नाहीच. आम्ही तेरा हजार फुटांच्या आसपास दरवाज्यातून बाहेर पडतो, मिनिटभर ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने पडतो, मग पॅराशूट उघडून ते पंखासारखं वळवत वळवत हव्या त्या जागी उतरतो. साधा पॅराट्रूपर हजार-सव्वा हजार फुटांवरून बाहेर पडतो, त्याचं पॅराशूट विमानाला अडकवलेल्या पट्ट्याने आपोआप उघडतं, बहुतेक सैन्यांत ते गोल असतं, फारसं वळत नाही, आणि तो सेकंदाला साधारण सहा-सात मीटरने जमिनीवर आपटतो, ते पण पायात भलंमोठं पोतं, अंगाला बांधलेली रायफल, बऱ्याचदा मिट्ट काळोख. आणि एवढं करून तो फक्त कामावर पोचलेला असतो, काम पुढेच असतं. ६ जून १९४४ च्या पहाटे उजाडायच्या आत तेरा हजारांवर अमेरिकन पॅराट्रूपर नॉर्मंडीत उतरले, कित्येक जण ठरलेल्या जागेपासून मैलोन्मैल लांब पडले, आणि ब्रिटिश पॅराट्रूपर तर त्या युद्धात रिझर्व्ह पॅराशूटशिवायच उडी मारायचे. उघडलं नाही तर संपलं. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो शब्दात मावत नाही.

पण गप्पांमधून जे सैनिकी आयुष्य माझ्यासमोर आलं ते यातलं फारसं नव्हतंच, ते होतं वाट बघणं, हजेरी, पहारा, पुन्हा वाट बघणं, आणि शस्त्र साफ करणं. रोज साफ करणं. गोळी झाडली असो वा नसो. माझा एक मित्र आहे, रायफल उघडून फडक्यावर तिचे भाग ठरलेल्या क्रमाने मांडायचे आणि त्याच क्रमाने उलटं जोडत यायचं हे तो डोळे मिटून करायचा म्हणतो, आणि त्याची रिग पॅक करायची पद्धत बघितली की विश्वास बसतो, दोऱ्यांचे घड इतके सारखे घालतो की नव्या मुलांना मी त्याच्याकडे बघत उभं करते. माझ्या मते सैन्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे. छाती पुढे काढून चालण्यापेक्षा ते फडकं मोठं आहे.

आता मुद्द्यावर येते. आमच्याकडे विमानात चढायच्या आधी दुसऱ्याकडून रिग तपासून घेतात, पिन चेक म्हणतो आम्ही. पाठीवरचा फ्लॅप उघडून रिझर्व्हची, म्हणजे राखीव पॅराशूटची पिन ते बंद ठेवणाऱ्या दोरीच्या लूपमध्ये पूर्ण बसलीये का बघायचं, रिगरचा, म्हणजे रिझर्व्ह पॅक करणाऱ्याचा दोरा आणि त्यावरचं छोटं सील शाबूत आहे का, मग मेनची, म्हणजे नेहमीच्या पॅराशूटची पिन, तिच्याकडे जाणारी पट्टी कुठे पिळलेली तर नाही, मग पुढे येऊन खांद्यावरच्या तीन-तीन रिंगा, छातीचा पट्टा बकलमधून नीट ओवलाय का, दोन्ही हँडल जागेवर आहेत का, उंची दाखवणारं अल्टिमीटर शून्यावर आहे का. बोलत बोलत करायचं नाही, मध्ये कोणी हाक मारली तर परत पहिल्यापासून. हजारो उड्या मारलेला माणूस पण हे करून घेतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. सैन्यातला जंपमास्टर, म्हणजे उड्या मारायला लावणारा उस्ताद, तोसुद्धा प्रत्येकाच्या अंगावरून असाच ठरलेल्या क्रमाने हात फिरवतो, म्हणजे तुमच्याकडे पॅराशूटच्या बाबतीत हे आहेच. बंदुकीच्या बाबतीत पण नियम आहेत, मला माहितीये, आणि ते सुंदर आहेत. जेफ कूपर या अमेरिकन मरीननी जे चार नियम लोकांच्या तोंडी बसवले ते मी आमच्या मुलांना पण सांगते: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी न्यायची नाही, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचं नाही, आणि समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे याची खात्री करायची.

या नियमांची रचना बघा. ते एकमेकांना सांभाळून घेतात. बंदूक रिकामी समजून ट्रिगर दाबला पण नळी वाळूच्या दिशेने होती, तर फक्त आवाज होतो. नळी चुकून माणसाकडे गेली पण बोट बाहेर होतं, तर तेवढा आवाजही होत नाही, कोणाला कळतही नाही. माणूस मरायला एकाच वेळी दोन नियम मोडावे लागतात. म्हणजे प्रत्येक मेलेल्या माणसामागे असे कितीतरी प्रसंग असणार जिथे एकच नियम मोडला आणि दुसऱ्याने वाचवलं, आणि शिकण्यासारखं सगळं त्या प्रसंगांमध्ये पडलेलं आहे, फुकट, कोणाचा जीव न जाता मिळालेलं, आणि नेमके तेच प्रसंग दाबले जातात. कारण सांगितलं की शिक्षा. बऱ्याच सैन्यांत निष्काळजीपणे गोळी सुटणं हा गुन्हाच आहे, दंड, बढती लांबणीवर, चारचौघांत अपमान. मग काय होणार, कोणी बघितलं नसेल तर अळीमिळी गुपचिळी, झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकाने मला त्याच्या तुकडीतली गोष्ट सांगितली. पहाऱ्यावरून परत आलं की आत जाण्याआधी वाळूने भरलेल्या ड्रमकडे नळी धरून शस्त्र रिकामं करायचं, क्रम साधा आहे, आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट, म्हणजे गोळी आत-बाहेर नेणारा भाग, मागे ओढून चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी झाडायला तयार बसलेली गोळी बाहेर, मग डोळ्याने बघायचं, अंधार असेल तर बोट घालून बघायचं, मगच ट्रिगर दाबायचा. थकलेल्या माणसाचा हाच क्रम उलटा होतो. आधी बोल्ट ओढला, गोळी बाहेर पडलेली दिसली, वाटलं झालं रिकामं, पण मॅगझिन आतच होतं आणि बोल्ट पुढे जाताना त्याने दुसरी गोळी चेंबरमध्ये नेऊन ठेवली. मग मॅगझिन काढलं, ट्रिगर दाबला, आणि धाड. वाळूत गेली, कोणाला काही झालं नाही. त्या जवानाला शिक्षा झाली, पण का झालं हे कोणी विचारलंच नाही. काही दिवसांनी त्याच ड्रमसमोर दुसऱ्याची सुटली, सेम टु सेम. तेव्हा कुठे कोणाच्या तरी डोक्यात आलं की तिथला दिवा बंद पडलाय, मागे रांग लावून लोक घाई करतायत, चेंबरमध्ये बघायला ना उजेड ना वेळ. दिवा बदलला, एका वेळी एकच माणूस पुढे असा नियम केला. हे पहिल्या वेळेलाच झालं असतं, पहिल्या पोराला फक्त विचारायला हवं होतं की बाबा नक्की काय झालं, सांग.

पुढच्यास ठेच मागचा शहाणा असं आपण म्हणतो, पण पुढच्याने ठेच लपवली तर मागचा शहाणा होणार कसा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण विमानांच्या जगात आहे आणि ते मी आमच्या प्रत्येक बॅचला सांगते. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं ५१४ नंबरचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरायला येत होतं, परवानगीच्या शब्दांचा आणि नकाशाचा अर्थ लावण्यात गोंधळ झाला, वैमानिक फार लवकर खाली आले आणि विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली, एकही वाचला नाही. नंतर चौकशीत कळलं की साधारण सहा आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं एक विमान याच जागी याच गोंधळातून थोडक्यात बचावलं होतं. त्यांनी आपल्या कंपनीच्या वैमानिकांना सावध केलं होतं, पण दुसऱ्या कंपनीपर्यंत ते पोचायची काही वाटच नव्हती. त्यानंतर जी व्यवस्था उभी राहिली ती १९७६ पासून नासा चालवते, वैमानिक स्वतःची चूक लिहून पाठवतो, ओळख पुसून टाकतात आणि माहिती सगळ्यांसाठी खुली होते. मुद्दाम नासाकडे दिली, कारण शिक्षा करायचा अधिकार नासाकडे नाही. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, ज्याच्या हातात छडी आहे त्याच्याकडे कोणी मन मोकळं करत नाही.

आमच्या खेळात पण ही सवय आहे. अमेरिकेतली पॅराशूट संघटना दरवर्षी मृत्यूंचा हिशोब मांडते, काय झालं, कुठल्या उंचीवर, काय करायला हवं होतं, नाव न घेता. १९७० च्या दशकात तिथे वर्षाला सरासरी चाळीसच्या वर लोक जायचे. २०२४ मध्ये ३८ लाखांहून जास्त उड्यांमध्ये ९ गेले. नऊसुद्धा जास्तच आहेत, प्रत्येकामागे घर आहे. या फरकात सामानाचा वाटा मोठा आहे, बिल बूथ यांची तीन रिंगांची पद्धत आली, त्यामुळे बिघडलेलं मेन एका झटक्यात सोडता येतं, १९९१ मध्ये हेल्मुट क्लोथ यांचं सायप्रेस आलं, ते यंत्र साधारण ७५० फुटांवर तुम्ही अजून दगडासारखे पडताय असं दिसलं की एका छोट्याशा बारुदी कटरने लूप कापतं आणि रिझर्व्ह उघडतं. म्हणजे तुमच्या हातात बारूद आहे तशी चिमूटभर आमच्या पाठीवर पण आहे, फक्त ती वाचवायला ठेवलेली. पण सामान सुधारलं तसं लोक जास्त धोका घ्यायला लागले, हे बूथ यांनीच फार आधी ओळखलं होतं. पॅराशूट न उघडून मरणारे कमी झाले आणि व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली जमिनीजवळ जोरात वळण घेऊन मरणारे वाढले. हे कळलं कसं? लिहून ठेवलं होतं म्हणून. ते वाचून मग कॅनोपी, म्हणजे उघडलेलं पॅराशूट, चालवायचं वेगळं ट्रेनिंग आलं. रिपोर्ट नसते तर आम्ही अजून पॅराशूट का उघडत नाही याच प्रश्नाला धरून बसलो असतो.

बंदुकीच्या सेफ्टी कॅचबद्दल माझं मत पण इथूनच आलंय. सेफ्टी लावली होती म्हणून नळी कुठेही फिरली तरी चालेल असं वागणारी माणसं मी रेंजवर बघितलीयेत आणि मला ती आवडत नाहीत. ते यंत्र शेवटचा आधार आहे. आम्ही सायप्रेस वाचवेल म्हणून हँडल ओढायचं सोडून देत नाही. आणि पिस्तूल कमरेला लावून मिरवणं, मित्राकडे रोखून फोटो काढणं, हे तर मला अजिबात सहन होत नाही, असं करणाऱ्याला आमच्याकडे आला तर मी विमानात घेणार नाही, उडी कितीही चांगली मारत असला तरी.

तुम्ही म्हणाल, शिक्षा काढली तर शिस्त जाईल, पोरं ढिली पडतील. हा आक्षेप खरा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. लढाईत शिस्त गेली की माणसं मरतात. पण मी सगळी शिक्षा काढा म्हणत नाहीये. दारू पिऊन आलेल्याला, मुद्दाम नियम तोडणाऱ्याला आम्ही पण ग्राउंड करतो, म्हणजे उडी मारू देत नाही, विमानांच्या त्या व्यवस्थेत पण जाणूनबुजून केलेल्याला आणि गुन्ह्याला माफी नाही. मस्ती वेगळी आणि क्रम चुकणं वेगळं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ओळखता येतं, वीस-वीस वर्षं पोरं बघितलीत तुम्ही. ज्याने स्वतःहून येऊन सांगितलं त्याला आणि ज्याला पकडावं लागलं त्याला एकाच मापाने मोजू नका, एवढंच मागते.

आणि सैन्याला हे जमत नाही असं तर मुळीच नाही. जोसेफ किटिंगर अमेरिकन वायुदलात कॅप्टन होते. १६ नोव्हेंबर १९५९ ला त्यांनी फुग्यातून ७६ हजार फुटांवरून उडी मारली, छोटं पॅराशूट वेळेआधी सुटलं, दोऱ्या गळ्याभोवती गुंडाळल्या गेल्या, ते भोवऱ्यासारखे फिरत बेशुद्ध पडले, आपोआप उघडणाऱ्या पॅराशूटने वाचवलं. नाचक्की म्हणून फाइल बंद करता आली असती. केली नाही. काय बिघडलं ते शोधलं, दुरुस्त केलं आणि ११ डिसेंबरला म्हणजे महिन्याच्या आत त्यांनी परत उडी मारली, पुढच्या वर्षी १६ ऑगस्टला तर १ लाख २ हजार ८०० फुटांवरून, हा विक्रम पुढे ५० वर्षांहून जास्त टिकला.

अजून एक गोष्ट आहे, ती लिहिताना मला जड जातंय पण लिहिते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. इस्रायलच्या सैन्यात असं दिसलं की जवान शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला शस्त्र घेऊन घरी जायचे आणि बऱ्याच आत्महत्या त्याच वेळी व्हायच्या. २००६ मध्ये त्यांनी नियम बदलला, सुट्टीवर जाताना शस्त्र तळावर ठेवून जायचं. आत्महत्या ४० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि मुख्यतः सुट्टीच्याच दिवसांतल्या. कोणाला भित्रा म्हटलं नाही, कोणाची परीक्षा घेतली नाही, फक्त कधी आणि कुठे होतंय ते बघितलं आणि एक साधी गोष्ट हलवली.

आमच्याकडे एक पद्धत आहे, कोणीही कधीही लोडवरून, म्हणजे त्या विमानातून उडी मारणाऱ्यांच्या यादीतून, बाहेर पडू शकतो. विमानात बसल्यावर, अगदी दरवाजा उघडल्यावर सुद्धा मान हलवली की झालं, तो माणूस विमानाबरोबर खाली येतो आणि त्याला का म्हणून कोणी विचारत नाही. रात्री झोप झाली नसेल, घरी काही झालं असेल, नुसतंच बरं वाटत नसेल. मी विद्यार्थ्यांना ही मान हलवायची खूण पहिल्या दिवशी शिकवते, हँडल ओढायच्या पण आधी. तुमच्या जवानाला असं म्हणता येतं का की साहेब, आज माझ्याकडे शस्त्र देऊ नका? आणि म्हटलं तर त्याच्या रेकॉर्डवर काय लिहिलं जातं? ज्यांच्याशी मी बोलले त्यांच्यातल्या कोणाला हे शक्य वाटलं नाही. एक जण तर गप्पच बसला, मग उठून गेला. साहेब, मॅडम, उस्ताद, तुमच्याकडे बाकी काही बदलता नाही आलं तरी चालेल पण हे तरी बघा, एका दिवसाचा पहारा दुसऱ्याला देता येतो.

सुरुवात छोटी करा, एका रेंजवर, एका कंपनीत. कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवा आणि एक बंद पेटी, चावी अशा माणसाकडे द्या ज्याला शिक्षा करायचा अधिकार नाही, डॉक्टर असेल, धर्मगुरू असेल, शेजारच्या तुकडीतला कोणी. महिन्यातून एकदा शस्त्राचा तास सुरू व्हायच्या आधी त्यातलं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. पहिला कागद कोणी टाकणार नाही, म्हणून पहिला तुम्ही स्वतःचा वाचा, उस्तादाचा. आमच्या ड्रॉप झोनवर जो फॉर्म वापरतो तो एकाच पानाचा आहे, काय करत होतात, काय झालं, कशाने वाचलात, पुढच्याला काय सांगाल, आणि नावाला त्यात रकानाच नाही. कोणाला नमुना हवा असेल तर मी आनंदाने देईन, तुमच्या शस्त्रांप्रमाणे त्यातले प्रश्न बदलायला बसायची पण माझी तयारी आहे, आमच्याकडचे तुमचेच माजी लोक मदतीला आहेत.

तुमची,
एक स्कायडायव्हर